तळं हिरवं झालंय? होऊ द्या

प्रश्न : आमच्या गावाच्या सांडपाण्याच्या तळ्यातलं पाणी हिरवंगार झालंय. लोक तक्रार करतात. मोरचूद टाकून शेवाळ मारावं का? (ग्रामपंचायत सदस्य, सांगली जिल्हा)

उत्तर : कृपा करून टाकू नका. त्या शेवाळावरच तुमचं तळं चालतं. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. शहरातल्या केंद्रांत तो विजेवर हवा सोडून पुरवावा लागतो. तळ्यात मात्र क्लोरेला, युग्लिना अशी सूक्ष्म शेवाळं उन्हाच्या जोरावर तो फुकट तयार करतात. जिवाणूंकडून त्यांना कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया मिळतो. मोरचुदाने शेवाळ मरेल, तळाशी जाऊन कुजेल आणि उरलासुरला प्राणवायूही संपवेल. मग गावभर वास सुटेल. लोकांना एकदा तळ्यावर घेऊन जा आणि हे समजावून सांगा.

प्रश्न : दुपारी वास नसतो, पण पहाटे फिरायला गेलं की थोडा येतो. असं का?

उत्तर : रात्री ऊन नसतं, त्यामुळे शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट स्वतःच वापरतं. उजाडताना पाण्यात तो जवळपास शून्यावर येतो. दुपारी दोनला काठावर उकिडवं बसून बघा. पाण्यात बारीक बुडबुडे चढताना दिसतील. त्या वेळी विरघळलेला प्राणवायू लिटरला 20 मिलिग्रॅमच्याही वर जाऊ शकतो. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) 9 च्या पुढे सरकतो. असा सामू आणि कडक ऊन मिळून विष्ठेतले बरेच जिवाणू मारतात. म्हणून मी कुठल्याही तळ्यावर पहाटे एक आणि दुपारी एक अशा दोन बाटल्या भरतो. एकाच बाटलीवरून मत देणं मला पटत नाही. ऊन चढल्यावर वास जात असेल तर घाबरू नका. दिवसभर राहिला तर तळ्यावर घाणीचा भार जास्त झालाय.

प्रश्न : आमचं तळं चक्क गुलाबी झालंय!

उत्तर : हे जांभळे गंधक-जिवाणू. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड ते वापरतात, म्हणजे वास थोडा कमीच करतात. पण ते वाढले याचा अर्थ प्राणवायू कमी पडतोय. गोठ्याचं शेण किंवा दूध डेअरीचं धुवण गटारात नव्याने येतंय का, ते आधी शोधा.

प्रश्न : जिवाणूंची पावडर विकत घ्यावी का?

उत्तर : नको. मैल्यात जिवाणू मुबलक असतात. तेच पैसे जलपर्णी काढायला लावा. तिने पृष्ठभाग झाकला की शेवाळापर्यंत ऊन पोहोचत नाही. काठावरचं गवतही काढा, डासांच्या अळ्या तिथेच वाढतात.

प्रश्न : हे पाणी मेथी-कोथिंबिरीला चालेल का?

उत्तर : तुमचं तळं एकच आहे की एकापुढे एक तीन, यावर ते ठरतं. जंतांची अंडी जड असतात, पाणी बरेच दिवस थांबलं तरच ती खाली बसतात. कच्च्या खायच्या भाज्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये मर्यादा दिली होती : 100 मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू 1000 पर्यंत आणि लिटरमागे जंतांचं जास्तीत जास्त एक अंडं. एकाच तळ्याचं पाणी या मर्यादेत येणं कठीण. त्यामुळे तळं एकच असेल तर मेथी-कोथिंबिरीला देऊ नका. वैरणीला द्यायचं असेल तरी आधी प्रयोगशाळेत जंतांची अंडी तपासून घ्या, आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला गमबूट द्या.