बेसमेंटमध्ये खोली काढायची तर आधी सेप्टिकची फाइल बघा

प्रश्न: आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये बॉस्टनपासून पाऊण तासावर घर घेतलंय, वर तीन बेडरूम आणि खाली वॉकआउट बेसमेंट, म्हणजे थेट अंगणात दार उघडणारं. आता पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत, बाबांचे गुडघे दुखतात म्हणून बेसमेंटमध्येच खोली आणि बाथरूम करायचं ठरवलं. घर घेताना रिअल्टर म्हणाला होता बेसमेंट फिनिश करा, काही प्रॉब्लेम नाही, टायटल फाइव्ह, म्हणजे सेप्टिकची तपासणी, पास आहे. पण परमिटला गेलो तर बिल्डिंगवाल्यांनी बोर्ड ऑफ हेल्थकडे, म्हणजे गावच्या आरोग्य मंडळाकडे पाठवलं आणि ते म्हणतात तुमचं सेप्टिक तीनच बेडरूमचं आहे. अहो पण घरात माणसं तर चारच होणार! आणि हेल्थवाल्यांचा आमच्या खोलीशी काय संबंध?

उत्तर: तुमचा वैताग समजतो, आपल्याकडून आलेल्या बहुतेकांना हे पहिल्यांदा ऐकल्यावर विचित्रच वाटतं, कारण शहरात वाढलेल्या माणसाने सांडपाणी कुठे जातं हा विचार कधी केलेलाच नसतो. इथे तुमचं सांडपाणी तुमच्याच अंगणात मुरतं. आधी टँकमध्ये जातं, तिथे गाळ खाली बसतो, तेल-तूप वर तरंगतं, मधलं पाणी डी-बॉक्समधून, म्हणजे पाणी वाटून देणाऱ्या पेटीतून, लीच फील्डच्या, म्हणजे पाणी मुरवायच्या जागेच्या, पाइपांमध्ये जातं आणि तिथून मातीत. खरी सफाई ती माती करते. म्हणून फील्डचा तळ आणि जमिनीतल्या पाण्याची सगळ्यात वरची पातळी यांच्यात निदान ४ फूट अंतर लागतं, माती भरभर पाणी पिणारी असेल तर ५. फील्डवर झेपेल त्यापेक्षा जास्त पाणी सोडलं की ते अर्धवट साफ होऊन खाली जातं, आणि खालचं पाणी कुणाच्या तरी विहिरीतून नळाला येतं. हेल्थवाल्यांचा संबंध तो.

आता हिशोब. टायटल फाइव्ह म्हणजे राज्याचा सेप्टिकचा कायदा, आत्ताच्या रूपात १९९५ पासून लागू आहे, पण तो राबवतं प्रत्येक गावचं आपलं बोर्ड ऑफ हेल्थ. राज्यात ३५१ शहरं-गावं आहेत आणि काही गावांचे स्वतःचे नियम राज्यापेक्षा कडक आहेत, त्यामुळे दुसऱ्या गावातल्या मित्राचं ऐकून काही करू नका. हिशोब माणसांवर नाही, बेडरूमवर होतो, दर बेडरूमला दिवसाला ११० गॅलन. तुमच्या तीनला ३३०, चारला ४४०. माणसं येतात-जातात, घर विकलं जातं, फील्ड तेच राहतं, म्हणून असं.

बाथरूमची काळजी करू नका, बाथरूमने हा आकडा वाढत नाही. अडचण खोलीची आहे, आणि तिला ऑफिस किंवा होम थिएटर म्हणून सुटका होत नाही. दार लावून झोपता येईल अशी, ७० चौरस फुटांच्या वरची, खिडकी-वीज असलेली खोली त्यांच्या लेखी बेडरूमच. शिवाय एक नियम आहे जो कुणीच सांगत नाही: बाथरूम, पॅसेज वगैरे सोडून घरात आठपेक्षा जास्त खोल्या झाल्या की एकूण खोल्या भागिले दोन, अर्धा आला तर सोडून द्यायचा, इतक्या बेडरूम धरतात. समजा तुमच्याकडे किचन, डायनिंग, लिव्हिंग, फॅमिली, स्टडी आणि तीन बेडरूम अशा आठ खोल्या आहेत, खाली एक काढलीत की नऊ, म्हणजे चार बेडरूम. नाव काहीही द्या.

टायटल फाइव्ह पास याचा अर्थ इतकाच की तपासणीच्या दिवशी आहे ती सिस्टिम नापास ठरण्यासारखी नव्हती. त्यावर आणखी एक खोली चालेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. रिअल्टरने हे सांगायला हवं होतं.

मग करायचं काय? टाउन हॉलमध्ये जाऊन आपल्या पत्त्याची सेप्टिकची फाइल मागा. त्यात मंजूर डिझाइन आणि ॲज-बिल्ट प्लॅन, म्हणजे प्रत्यक्षात बांधलं तसा नकाशा असतो, त्यावर गॅलनचा आकडा लिहिलेला असतो. कधीकधी तीन बेडरूमच्या घराला चारचं फील्ड घातलेलं निघतं, तसं असेल तर काम सोपं झालं. ३३०च असेल तर वरच्या दोन खोल्यांमधली भिंत काढून एक करता येईल का बघा, खोल्यांचा आकडा आठवरच राहतो. किंवा तीनच बेडरूम राहतील असं डीड रिस्ट्रिक्शन, म्हणजे घराच्या कागदपत्रांवर नोंदवलेली अट, बोर्डाकडे मागा, ते मिळालं तर रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये नोंदवावं लागतं आणि पुढच्या मालकालाही लागू राहतं. सिस्टिम वाढवायचीच झाली तर माती तपासणं, पर्क टेस्ट (मातीत पाणी किती वेगाने मुरतं ते बघणं), इंजिनिअरचं डिझाइन, सगळं बोर्डाच्या माणसासमोर, आणि वाढीव आकड्याला नव्या बांधकामाचे नियम लागतात, सवलत फारशी नाही. खर्च मोठा आहे.

परमिटशिवाय गुपचूप मात्र करू नका. घर विकताना पुन्हा तपासणी होते आणि इन्स्पेक्टर डिझाइनच्या बेडरूम आणि प्रत्यक्षातल्या बेडरूम दोन्ही लिहितो.

प्रश्न: आमच्याकडे विहिरीचं पाणी आहे. शेजाऱ्यांच्या लॉनवर एक पट्टा कायम ओला आणि हिरवागार असतो, थंडी संपली की वास येतो. आमचं बाळ चार महिन्यांचं आहे, सासूबाई म्हणतात पाणी उकळून दिलं की झालं. तक्रार करायची म्हटलं तर रोजचा शेजार आहे...

उत्तर: बाळाचं आधी, बाकीचं नंतर. उकळण्याने जंतू मरतात हे सासूबाईंचं बरोबर आहे, आपण सगळे त्यावरच वाढलो. पण सांडपाण्यातून विहिरीत नायट्रेटसुद्धा येतं आणि ते उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि नायट्रेट घट्ट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्याने रक्तातला ऑक्सिजन कमी पडतो, बाळ निळं पडू शकतं. रिपोर्ट येईपर्यंत फॉर्म्युला बाटलीच्या पाण्यात करा, आजपासून. आणि डॉक्टरच्या कानावर घाला.

पाणी राज्याने मान्यता दिलेल्या लॅबमधूनच तपासून घ्या: कोलिफॉर्म आणि ई. कोलाय हे जंतू, आणि नायट्रेट. नायट्रेटची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम. त्यासोबत एकदा आर्सेनिकही बघून घ्या, इथल्या खडकातल्या विहिरींमध्ये ते आपसूक असू शकतं, त्यात शेजाऱ्यांचा काही दोष नाही. खासगी विहिरीचं पाणी सरकार नेमाने तपासत नाही, ते मालकानेच करायचं असतं.

मग बोर्डाच्या हेल्थ एजंटला फोन करा. सांडपाणी जमिनीवर येणं म्हणजे सरळ नापास. एजंट येऊन बघतो, वाटलं तर टँक ताबडतोब उपसायला लावतो, दुरुस्तीला साधारण दोन वर्षं मिळतात, धोका मोठा असेल तर खूप कमी. शेजाऱ्यांशी आधी बोला असं मी म्हणेन, पण त्यासाठी फोन आठवडाभर लांबवू नका. त्यांना हेही सांगा की स्वतः राहत असलेल्या घराची नापास सिस्टिम बदलली तर राज्याच्या इन्कम टॅक्समध्ये खर्चाच्या ६० टक्के क्रेडिट मिळतं, जास्तीत जास्त १८,००० डॉलर, वर्षाला ४,००० पर्यंत. हे २०२३ पासून वाढलंय. बऱ्याच गावांत कमी व्याजाचं कर्जही आहे. पैशांच्या धास्तीनेच लोक ओलं लॉन बघून न बघितल्यासारखं करतात.

प्रश्न: बोर्डावर ही माणसं असतात तरी कोण? आणि टँक किती वर्षांनी उपसायचा?

उत्तर: गावातलीच माणसं असतात, कुठे निवडून आलेली, कुठे नेमलेली, बहुधा तीन किंवा पाच जण, आणि मीटिंगला कुणीही जाऊन बसू शकतं. परंपरा जुनी आहे, बॉस्टनचं बोर्ड ऑफ हेल्थ १७९९ मध्ये झालं तेव्हा पहिला अध्यक्ष होता पॉल रिव्हिअर, तोच तो, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीला रात्री घोड्यावरून इंग्रज येतायत सांगत गेलेला.

टँक निदान तीन वर्षांनी उपसा. दरवर्षी उपसून पावत्या ठेवल्यात तर विक्रीच्या वेळी टायटल फाइव्हचा रिपोर्ट दोनच्या ऐवजी तीन वर्षं चालतो. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, डब्यात भरून कचऱ्यात टाका. चहाचा चोथा, भाताची पेज, डाळीचं पहिलं धुणं बागेत घाला. सिंकखाली गार्बेज डिस्पोजल असेल तर सिस्टिम त्यासाठी डिझाइन केलेली आहे का ते त्याच फाइलमध्ये सापडेल, नसेल तर ते वापरणं बंद करा.