डोळ्याच्या आत आढळलेला काळा डाग

प्रश्न : माझ्या आईचे वय ५८ असून तिला मधुमेह आहे. लातूरला पडद्याची तपासणी करताना डाव्या डोळ्यात काळसर डाग आढळला. डॉक्टरांनी 'नेव्हस' असे सांगून सहा महिन्यांनी बोलावले आहे. घरात कोणी म्हणते डोळा काढावा लागेल, कोणी म्हणते दुखत नाही तर पुन्हा जायचे कशाला? आम्ही काय करावे?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : दिलेल्या तारखेला आईंना अवश्य घेऊन जा. नेव्हस म्हणजे पडद्यामागील रक्तवाहिन्यांच्या थरातला तीळ; बहुतेक नेव्हस आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. फार थोड्यांचे मेलॅनोमा या कर्करोगात रूपांतर होते, आणि तोही सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणून 'दुखत नाही' यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून डागाचा फोटो काढतात, सोनोग्राफीने जाडी मोजतात आणि ओसीटी या पडद्याच्या थरांच्या स्कॅनने पडद्याखाली पाणी साचले आहे का ते पाहतात. जाडी २ मिलिमीटरपेक्षा किंवा व्यास ५ मिलिमीटरपेक्षा जास्त असणे, डागावर नारिंगी छटा असणे, पडद्याखाली पाणी असणे, नजर कमी होणे, ही धोक्याची लक्षणे होत. यांतले एखादेच असले म्हणून कर्करोग ठरत नाही. मात्र ती जितकी अधिक एकत्र दिसतील तितकी डाग वाढण्याची शक्यता जास्त. याउलट डागावर ड्रूझेन नावाचे पिवळसर ठिपके असतील, तर तो बहुधा जुना व स्थिर असतो. लहान डागाच्या बाबतीत खरा निर्णय पुष्कळदा तुलनेतूनच होतो, त्यामुळे पहिला फोटो आणि सोनोग्राफीचा अहवाल फाइलमध्ये जपून ठेवा. डॉक्टर बदलले तरी तोच आधार ठरतो.

डोळा काढण्याची भीती आज बाळगण्याचे कारण नाही. मेलॅनोमा निघाला तरी मध्यम आकाराच्या गाठीवर किरणोत्सर्गी चकती डोळ्याच्या भिंतीला काही दिवस शिवून उपचार करता येतात. अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात असे उपचार घेतलेल्या आणि डोळा काढलेल्या रुग्णांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. अशी रुथेनियम या किरणोत्सर्गी धातूची चकती भाभा अणुसंशोधन केंद्राने आपल्याकडेही तयार केली आहे. गरज पडल्यास डोळ्यांच्या कर्करोगाचे तज्ज्ञ तुम्हाला हैदराबादला भेटतील.

दरम्यान आईंना अंधुक किंवा वाकडे दिसू लागले, प्रकाशाचे लखलखाट जाणवले, तर 'साखर वाढली असेल' असे समजून सहा महिने थांबू नका. त्याच आठवड्यात दाखवा.