हीथ्रो ते हानेदा: अंतर तेच, तास का वाढले?

प्रश्न: लंडनच्या हीथ्रोपासून टोकियोच्या हानेदापर्यंतचं अंतर एका ठिकाणी ९,६०० दिसतं, दुसरीकडे ५,९७०, तिसरीकडे ५,१९०. यातलं खरं कुठलं? आणि ताशी ९०० किलोमीटरने उडणाऱ्या विमानाला १४ तास कसे लागतात?

उत्तर: तिन्ही आकडे बरोबरच आहेत. पहिला किलोमीटरचा, दुसरा साध्या मैलांचा, तिसरा सागरी मैलांचा. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि वैमानिक तोच वापरतात. दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर तो सोडून द्या. कुणी पृथ्वी अगदी गोल धरतं, कुणी ध्रुवांपाशी चपटी.

हे अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं नाही. नकाशावरची सरळ रेघ धरून उडालं तर ११,३०० किलोमीटरहून जास्त पडतात. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा: तो उत्तरेकडे सरकतो, सुमारे ७१ अंश अक्षांशापर्यंत, थेट रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रावर. तोच सर्वांत जवळचा मार्ग.

आता वेळ. ९,६०० भागिले ९०० म्हणजे साधारण १० तास ४० मिनिटं. चढताना-उतरताना वेग कमी असतो, त्याचा अर्धा तास धरा. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, म्हणून धावपट्टीपर्यंतची रांग आणि टॅक्सींग (विमानाचं जमिनीवरून चालत जाणं) यांची २०-३० मिनिटंही मिळवा. झाले पावणेबारा तासांच्या आसपास. २०२२ पूर्वी याच्या जवळपासच वेळ लागत असे. त्या वर्षी फेब्रुवारीनंतर ब्रिटिश आणि जपानी कंपन्यांनी रशियावरून उडणं थांबवलं. वळसा दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे घ्या किंवा अलास्काकडून, १४ तासांच्या घरात जातंच. म्हणजे वेबसाइटवरचं अंतर तेच राहिलं, उडायचं अंतर वाढलं. थेट अंतरावरून वेळ काढून देणारी बहुतेक साधनं इथेच फसतात.

प्रश्न: जाताना आणि येताना वेळ वेगळी का?

उत्तर: वारा. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, हिवाळ्यात विशेष जोरात. ताशी ९०० हा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला वेग. जमिनीच्या तुलनेतला वेग वाऱ्यावर ठरतो. सरासरी १०० चा वारा पाठीशी असला तर ९,६०० किलोमीटरला ९ तास ३६ मिनिटं, तोच समोरून आला तर १२ तास. म्हणून कंपन्या रोज वाऱ्याचा अंदाज बघून मार्ग आखतात आणि थोडा लांबचा, पण वाऱ्याच्या सोयीचा मार्ग खुशाल घेतात.

प्रश्न: तिकिटावर सकाळी ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला पोहोच, असं आहे. मग प्रवास २३ तासांचा?

उत्तर: नाही. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. हिवाळ्यात टोकियो लंडनच्या ९ तास पुढे असतं. २३ मधून ९ वजा केले की उरले १४. उन्हाळ्यात लंडनची घड्याळं तासभर पुढे करतात, जपान करत नाही, त्यामुळे फरक ८ तासांचा होतो आणि तिकिटावरच्या याच वेळांचा अर्थ १५ तास. परतीला ९ (उन्हाळ्यात ८) तास वजा न करता मिळवायचे.