सरळ अंतर ५००, रस्त्याने ६३०, आणि विमानाला सव्वा तास?

प्रश्न : आमचं आणि मुलीचं शहर यांत नकाशावर सरळ अंतर ५०० किलोमीटर दिसतं, रस्त्याने ६३०. विमान ताशी ८०० किलोमीटरने जातं म्हणतात, मग पाऊण तासात पोचायला हवं. तिकिटावर सव्वा तास का असतो? वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांना विमानाने न्यावं की गाडीने?

उत्तर : भागाकार तुमचा बरोबर आहे, पण ताशी ८०० हा वेग विमानाला वर गेल्यावरच मिळतो. मी उड्डाणांचे मार्ग आखण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. ५०० किलोमीटरचा मार्ग म्हणजे आमच्या लेखी नुसता चढ आणि उतार. ११ किलोमीटर उंचीवरून विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येतं. म्हणजे धावपट्टी २०० किलोमीटर लांब असतानाच उतरायला लागायचं. चढतानाही जवळपास तेवढंच अंतर जातं. मग पूर्ण वेगासाठी उरतात जेमतेम शंभर किलोमीटर. अशा मार्गावर बरेचदा तेवढ्या उंचीवर जातच नाहीत. त्यात १०,००० फुटांखाली बहुतेक ठिकाणी वेगाला मर्यादा असते, ताशी सुमारे ४६० किलोमीटर. उड्डाणही वाऱ्याकडे तोंड करूनच करायचं. जायचंय पूर्वेला आणि वारा पश्चिमेचा असेल, तर आधी पश्चिमेकडे उडून मग वळावं लागतं.

आणि तिकिटावरची वेळ नुसती हवेतली नसतेच. विमान जागेवरून हललं की ती सुरू होते आणि दुसरीकडे जागेवर थांबलं की संपते. धावपट्टीपर्यंतची वाट, रांगेतलं थांबणं, सगळं त्यात आलं.

लांबच्या मार्गावर तर वाराच वेळ ठरवतो. लंडन ते न्यूयॉर्क अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. जाताना समोरून वारा म्हणून आठ तासांच्या आसपास लागतात, येताना तासभर कमी. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक जम्बो विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. अंतर तेच!

रस्त्याचे १३० किलोमीटर जास्त का, तर डोंगर, नद्या आणि वाटेतली गावं. इतका फरक अगदी नेहमीचा. किन्शासा आणि ब्राझाव्हिल ही दोन राजधानीची शहरं काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, पण मध्ये पूल नाही. होडीने नाही, गाडीनेच जायचं म्हटलं तर केवढा वळसा!

आता वडिलांचं. किलोमीटर विसरा, दारापासून दारापर्यंतचे तास धरा. विमानतळ गाठायला एक तास, तिथे दोन तास आधी, प्रवास सव्वा तास, सामान घेऊन मुलीच्या घरी पोचायला आणखी सव्वा, झाले साडेपाच. गाडीने सरासरी ताशी ६५ धरली तरी दहा तास, थांबे वेगळे. मोबाइलवरचा नकाशा हे थांबे धरत नाही, आणि दुखऱ्या गुडघ्यांना दर दीड तासाने उतरून पाय मोकळे करावेच लागतात. तेव्हा विमानच. सरळ अंतर २५० असतं, तर मी बिनदिक्कत गाडी सांगितली असती.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. विमानतळावरचं चालणं पुष्कळ असतं, आणि तेच त्यांना जड जाईल. जागा मधल्या वाटेलगतची घ्या, पाय लांब करता येतो. आणि दिवसातलं शेवटचं विमान नको. ते रद्द झालं, तर रात्र खुर्चीतच काढावी लागेल.