‘असू दे, लागेल’च्या पिशव्या

या महिन्यात जुन्या कागदांवरच इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकलून हेच घेतेय. पावसाळा संपत आला, दिवाळीची आवराआवरी तोंडावर आहे आणि पुण्याच्या पेठांमधून वाडे पाडायचं काम जोरात सुरू आहे, त्यामुळे असेल.

प्रश्न : ताई, आमचा सदाशिव पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला चाललाय. आम्ही तिथले जुने भाडेकरू. दिवाळीनंतर खाली करायचाय आणि नवीन जागा मिळेपर्यंत कोथरूडला भाड्याच्या टू बीएचकेत राहायचंय. सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. माळ्यावर दोन ट्रंका, कपाटाचा अख्खा खालचा खण आणि चौदा पिशव्या नुसत्या कागदांच्या, 1974 पासूनची लाइट बिलंसुद्धा आहेत. काहीही टाकायला काढलं की त्या एकच म्हणतात, ‘असू दे, लागेल.’ परवा त्या दुपारी झोपल्या होत्या तेव्हा मी दोन पिशव्या रद्दीत दिल्या. त्यांना कळलं आणि तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीयेत. मिस्टर म्हणतात सगळंच उचलून नेऊ. माझं काय चुकलं? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : चुकलं, असं स्पष्टच सांगते, रागावू नका. तुमचा थकवा कळतोय मला, चौदा पिशव्या काही खायचं काम नाही, पण झोपलेल्या माणसाच्या वस्तू घराबाहेर काढायच्या नसतात. एकदा असं झालं की त्यानंतर ते माणूस प्रत्येक पिशवी धरून बसतं, मग आवरणं होतच नाही. आधी तुमच्या रद्दीवाल्याकडे जाऊन बघा, पिशव्या अजून दुकानात पडलेल्या असू शकतात. मिळाल्या तर घेऊन या, नाही मिळाल्या तर सासूबाईंना तसं सांगा आणि माफी मागा, एवढंच.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही कदाचित. लाइट बिलांच्या बाबतीत सासूबाईंचं बरोबर आहे! वाड्यातल्या भाडेकरूला आपण इथे किती वर्षं राहतोय ते सिद्ध करायची वेळ नेमकी रिडेव्हलपमेंटलाच येते आणि तेव्हा उपयोगी पडतात त्या जुन्या भाडेपावत्या, लाइट बिलं, रेशनकार्ड आणि त्या पत्त्यावर आलेली सरकारी पत्रं. त्यामुळे बिल्डरबरोबरचा करारनामा रजिस्टर होऊन तुमच्या हातात पडेपर्यंत भाडेपावती एकही टाकू नका, आणि लाइट बिलं दर वर्षाची एक-दोन तरी वेगळी काढून ठेवा. बाकीची गेली तरी चालतील.

असाच एक कागद म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, बघताना वाटतं आता याचं काय करायचं. पण घरात कुणाला जातपडताळणी करायची असेल तर समिती जुना पुरावाच मागते, आणि तोही ठरावीक तारखेच्या आधीचा. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. ऐन अ‍ॅडमिशनच्या वेळी गावच्या शाळेत आणि तहसील कचेरीत खेटे घालणारे आईबाप मी पाहिलेत. तो दाखला तुमच्या ट्रंकेत असेल तर तुम्हाला नाही तरी पुतण्याला, भाच्याला लागेल.

आता टाकायचं काय? ज्या कागदांमुळे कुणाच्याच डोळ्यांत पाणी येणार नाही तिथून सुरुवात करा. बंद झालेल्या लँडलाइनची बिलं, केव्हाच मोडीत गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड, बँकेत पैसे भरल्याच्या स्लिपा, झेरॉक्सच्या झेरॉक्स, मागच्या दहा वर्षांची कॅलेंडरं. हे फाडायचं काम सासूबाईंनाच द्या. खरंच सांगते, आपल्या हाताने चार कागद फाडले की पाचवा सोडायला सोपं जातं. पॅन नंबर, आधार नंबर, सही असलेले कागद तसेच रद्दीत देऊ नका, बादलीत रात्रभर भिजत घालून सकाळी कुस्करून टाका. बाकीचे सुके ठेवा, रद्दीवाला नेईल नाहीतर दारावर येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना द्या, कोरड्या कागदाचे त्यांना चार पैसे मिळतात, ओल्याचे नाही मिळत.

आणि मग उरेल खरं अवघड काम, म्हणजे पत्रं, फोटो, पत्रिका, जावळाची पुडी, कुणाचं तरी दुपटं. इथे घाई नको. रोज चारच्या चहानंतर एक पिशवी, एकच तास, आणि शेजारी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवा. वस्तू हातात द्यायची आणि विचारायचं, ‘हे कुणाचं हो?’ ठेवायचं की टाकायचं हे विचारूच नका. त्या सांगतील, सांगताना चार वेळा विषयांतर करतील, करू द्या, तेच तर हवंय. सांगून झाल्यावर बऱ्याचदा त्याच म्हणतात, ‘जाऊ दे आता, टाक.’ त्या कागदापेक्षा तो कुणाला तरी सांगून ठेवणं त्यांना जास्त हवं असतं.

हे एवढं ठासून का सांगतेय, तर माझी आजी नारायण पेठेत राहायची. 12 जुलै 1961 ला पानशेतचं पाणी आलं त्यात खालच्या मजल्यावरची ट्रंक बुडाली. पाणी ओसरल्यावर आजीने ओली पत्रं एकेक सोडवून गच्चीत दोरीवर चिमट्यांनी वाळत घातली, आई सांगायची की आठवडाभर कपड्यांना दोरी नव्हती. त्यातली एकवीस पत्रं आज माझ्याकडे आहेत. शाई पसरून सगळा निळा ढग झालाय, मजकूर कुठेच लागत नाही, फक्त एका कार्डावर वरच्या कोपऱ्यात ‘चि. बाळ यास’ एवढं वाचता येतं. हा बाळ कोण, ते आमच्या घरात आता कुणालाही माहीत नाही. आजी 1988 पर्यंत होती, त्या सत्तावीस वर्षांत आईने विचारलं नाही, मी विचारलं नाही. पत्रं पुरातून वाचली आणि आमच्या न विचारण्याने गेली. म्हणून म्हणते, ट्रंका नंतरही आवरता येतील, सासूबाई 81 वर्षांच्या आहेत.

फोटोंच्या मागे नाव, नातं आणि साधारण साल मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. चकचकीत फोटोवर पेन्सिल उठत नाही, तो कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा (आधी लिहायचं आणि मग फोटो आत). ठेवायचं ते सगळं एका ट्रंकेत बसलं पाहिजे असं ठरवा, आणि ती ट्रंक सासूबाईंची, तिच्यात काय ठेवायचं ते त्या ठरवतील. मिस्टरांना सांगा की सगळंच उचलून न्यायचं म्हणजे हीच भांडणं कोथरूडला न्यायची.

प्रश्न : ताई, बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांच्या फाइलमध्ये एफडीच्या पावत्या, एलआयसीचे कागद, कुठल्या कुठल्या कंपन्यांची शेअर सर्टिफिकेट्स, देना बँकेचं पासबुक असं बरंच काही आहे. मी आयटीत आहे, वेळ मिळत नाही. आई म्हणते बंद पडलेलं असेल, टाकून दे. किती वर्षांपर्यंतचं ठेवायचं? – एक वाचक, वाकड

उत्तर : अरे, टाकू नकोस! या फाइलला वर्षांचा हिशोब लावायचाच नाही. प्रत्येक कागदाच्या मागे पैसे आहेत की नाहीत हे कळेपर्यंत तो जिवंत आहे असंच धरायचं. देना बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात गेली, म्हणजे ते पासबुक घेऊन बडोदाच्या शाखेत जायचं. दहा वर्षं ज्या खात्याला कुणी हात लावला नाही त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात, बुडत मात्र नाहीत, वारसाला बँकेकडूनच मागता येतात. रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल काढलंय, त्यावर बाबांचं नाव आणि पॅन टाकून बऱ्याचशा बँकांमधले असे पडून असलेले पैसे एका जागी शोधता येतात. एका रविवारचं काम आहे, आईला शेजारी बसव म्हणजे कुठल्या शाखा होत्या ते ती सांगेल.

शेअर्सचं जरा किचकट आहे. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर्स तसेच दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, आधी वारसाच्या नावावर करून डिमॅटमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यात, घ्यावे लागतात. सलग सात वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नसेल तर शेअर्स सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदारांसाठीच्या फंडात गेलेले असतात आणि तिथून क्लेम करून परत मिळवावे लागतात. कंपनीचं नाव बदललेलं असतं, कधी ती दुसरीत विलीन झालेली असते, तेव्हा ‘ही कंपनी आता नाहीच’ असं कुणी म्हणालं म्हणून सोडून देऊ नकोस. आणि या कामात ‘मी करून देतो, अर्धे माझे’ म्हणणारे भेटतील, त्यांना ओरिजिनल सर्टिफिकेट हातात द्यायचं नाही.

बाबांचे इन्कम टॅक्सचे कागद मी आठ वर्षं ठेवायला सांगते. घराचं खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि घरावर केलेल्या मोठ्या कामांची बिलं मात्र घर आहे तोवर ठेवायची, विकताना टॅक्सच्या हिशोबाला लागतात. हल्लीची गुळगुळीत कागदावरची बिलं दोन वर्षांत कोरी होतात, त्यांची झेरॉक्स काढून ठेव.

प्रश्न : गावाकडच्या घरी पत्र्याच्या डब्यात जुन्या मोडी लिपीतले कागद सापडले. कसर लागलीये. लॅमिनेट करून घेऊ का? – एक वाचक, धायरी

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, नंतर कुणालाच काही करता येत नाही. सेलोटेपही नको, काही वर्षांत त्याचा तपकिरी डाग पडतो. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, मऊ ब्रशने धूळ झटका, सावलीत हवा लागू द्या आणि स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवा. पेशवे दप्तरातले कागदही रुमालातच बांधलेले असायचे. प्लास्टिकची पिशवी पावसाळ्यात आतल्या आत ओल धरते. वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवली तर चालेल, पण कागदाला चिकटून नको.

मग सगळ्याचे मोबाईलवर स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि ते घेऊन सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जा. 1910 साली इतिहाससंशोधक राजवाड्यांनी आणि मेहेंदळ्यांनी सुरू केलेली ही संस्था अशाच घराघरांतल्या दप्तरांवर उभी राहिली आहे. मोडी वाचणारी माणसं तिथे भेटतात. सावकारीचा हिशोब निघेल, जमिनीचा निवाडा निघेल, नाहीतर नुसती धान्याची यादी निघेल, पण वाचून घेतल्याशिवाय रद्दीत किंवा जुन्या बाजारात देऊ नका. जमिनीचं काही निघालं तर भावकीलाही कळवा.

प्रश्न : मुलीची बालवाडीपासूनची सगळी चित्रं ठेवलीत, तीन मोठी खोकी झालीत. सगळी स्कॅन करून टाकून द्यावीत का? – एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : तीनशे चित्रं स्कॅन केलीत तर ती पुन्हा कुणी उघडणार नाही. मुलगी आता कितवीत आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण चित्रं तिची आहेत, तिलाच दहा निवडू द्या. तुम्ही दोन निवडा, तिला न विचारता. मागे तारीख घाला, आणि चित्र काढताना ती काय बडबडत होती ते आठवत असेल तर तेही लिहा.