क्रॉसओव्हर बदलताय? आधी मीटर लावा

स्पीकरच्या क्रॉसओव्हरबद्दल (उंच सूर ट्वीटरकडे आणि खालचे वूफरकडे वाटणाऱ्या आतल्या सर्किटबद्दल) तेच तेच प्रश्न पुन्हा येत आहेत, म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : तीस वर्षं जुन्या स्पीकरचा आवाज दबलाय. कपॅसिटर बदलून टाकू का?

उत्तर : आधी मोजा. इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेले) कपॅसिटर सुकतात हे खरं, पण ट्वीटरमधलं फेरोफ्लुइड (चुंबकी द्रव) घट्ट झालं तरी आवाज असाच दबतो. कपॅसिटरचं एक टोक सोडवून मीटर लावा. जमत नसेल तर जाणकाराकडे न्या.

प्रश्न : नॉनपोलर (प्लस-मायनस नसलेल्या) कपॅसिटरची कुठली बाजू कुठे?

उत्तर : कुठलीही चालते. पॉवर सप्लायमधला प्लस-मायनसवाला मात्र इथे लावू नका.

प्रश्न : ४.७ मायक्रोफॅरडच्या जागी १० चा लावला तर?

उत्तर : ट्वीटर जळू शकतो. ८ ओहमच्या ट्वीटरला एकटा ४.७ चा कपॅसिटर असेल तर सुमारे ४,२०० हर्ट्झच्या खालचे सूर अडवले जातात. १० चा लावला की ती सीमा २,००० हर्ट्झपर्यंत खाली येते.

प्रश्न : सगळे इलेक्ट्रोलिटिक काढून महागडे पॉलिप्रॉपिलीनचे (प्लास्टिक फिल्मचे) कपॅसिटर बसवले. आता वरचे सूर टोचतात. विक्रेता म्हणतो, दोनशे तास वाजवा, आवाज मोकळा होईल.

उत्तर : दोनशे तासांत तुमचा कान सरावेल आणि माल परत करायची मुदत संपेल, कपॅसिटर आहे तसाच राहील. इलेक्ट्रोलिटिकला स्वतःचा थोडा रोध असतो आणि स्पीकर बनवणाऱ्यानं तो धरूनच आवाजाचा तोल बसवलेला असतो. पॉलिप्रॉपिलीनमध्ये तो जवळपास नसतो. ट्वीटरच्या वाटेतला अर्धा ओहम गेला, तरी त्याची पातळी अर्धा डेसिबल चढते आणि तेवढं कानाला कळतं. गेलेला रोध वेगळा रेझिस्टर जोडून भरून काढता येतो. पण किती? जुना कपॅसिटर मोजून ते कळणार नाही, कारण वयानं त्याचा रोध वाढलेला असतो. त्याच जातीचा नवा घेऊन मोजावा लागतो.

कॉइलचंही तेच. नुकतीच माझ्या टेबलावर एक जोडी आली होती. मालकानं वूफरची लोखंडी गाभ्याची कॉइल काढून तेवढ्याच मिलिहेन्रीची एअरकोअर (लोखंडी गाभा नसलेली) लावली होती. जुनीचा रोध ०.३ ओहम, नवीचा ०.९. बास सैल झाला, यात नवल काय? शिवाय ती दुसऱ्या कॉइलला चिकटून, त्याच दिशेला तोंड करून बसवलेली. अशा कॉइली एकमेकींत सिग्नल मिसळतात. लांब ठेवा, एक काटकोनात फिरवा. तुमचे जुने भाग फेकले नसतील, तर तेही घेऊन एखाद्या मापन करणाऱ्याला दाखवा.

प्रश्न : एकाच स्पीकरचे कपॅसिटर बदलले तर चालेल?

उत्तर : नाही. दोन्हींचे बदला.

प्रश्न : एक ट्वीटर सहा महिने मध्येच बंद पडतो, ठोकलं की चालू होतो. दिवाणखाना रंगवून झाला की बघू म्हणतोय.

उत्तर : सहा महिने! आतलं सोल्डर सुटलेलं असणार. सुटलेली तार भलतीकडे टेकली तर अ‍ॅम्प्लिफायरही जाईल. आजच अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, स्पीकरची वायर काढा आणि तो तंत्रज्ञाकडे न्या.