तुरीत पडलेलं विमान

नागपूर, गुरुवार रात्र

प्रिय दोस्ता,

मघाशी फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच समजलो. तुझं रिमोटवरचं छोटं विमान तीन मिनिटं उडालं, वळणावर वेग कमी पडला, पंख कलला आणि ते तुरीत घुसलं. तू धावत सुटलास. अंधार पडेपर्यंत शोधलंस आणि आता म्हणतोस, "काका, गेलं ते."

कुठे जाणार? वावरातच आहे. पण तू धावायला नको होतंस.

विमान दिसेनासं झालं की हाती एकच भरवशाची गोष्ट उरते, ती म्हणजे दिशा. तीसुद्धा तू उभा असतोस तिथूनच. दहा पावलं सरकलास की तीही हुकली. म्हणून नजर न हलवता त्या रेषेत मागे काय आहे ते धरायचं, कडुनिंबाचा शेंडा, विजेचा खांब, विहिरीवरची टिनाची खोली. उभ्या जागी दगड ठेवायचा, नसेल तर चप्पल. सोबतचा जरा लांब उभा असेल तर त्यालाही त्याची रेष धरायला सांगायची. दोन रेषा छेदतात तिथे विमान. आपल्या झिरो माईलपाशी १९०७चा जीटीएसचा, म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा दगड आहे ना, त्या सर्वेक्षणाने अख्खा देश असाच त्रिकोण पाडून मोजला. आपल्याला तर फक्त एकरभर तूर मोजायची आहे.

अंतराच्या बाबतीत डोळा फसवतो, तिथे कान कामाला येतो. विमान झाडोऱ्यात शिरताना दिसलं आणि "धप्प" अर्ध्या सेकंदाने ऐकू आलं, तर ते साधारण १७० मीटरवर पडलं. आवाज सेकंदाला ३४० मीटर चालतो, एवढं लक्षात ठेव.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझं पहिलं विमान पांढऱ्या फोमचं होतं. काटोल रोडकडच्या एका वावरात पडलं, तेही पऱ्हाटीत, बोंडं फुटायच्या दिवसांत. पांढऱ्यात पांढरं! मीही तुझ्यासारखाच धावलो आणि तीन दिवस शेजारचंच वावर पालथं घालत राहिलो. शेवटी कापूस वेचणाऱ्या बायांना सापडलं. धुऱ्यावरच्या बाभळीला त्यांनी ते टांगून ठेवलं होतं, नाकावर चिखल वाळलेला, एका पंखात वेचलेल्या कापसाचा पुंजका अडकलेला. त्यावर माझा नंबर लिहिलेला असता तर तीन दिवसांची पायपीट वाचली असती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक विमानाच्या पोटावर नंबर आणि पंखाखाली भडक गुलाबी पट्टा असतो. दिसायला भिकार आहे, असू दे.

रिमोट तू बंद केलास ते एक वाईट झालं, पण निस्तरता येईल. विमानातला सिग्नल पकडणारा रिसीव्हर आणि चार सर्व्हो, म्हणजे पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी, नुसते पडून असले तर जेमतेम शंभर-दीडशे मिलिअँपिअर खातात. तुझी बॅटरी २२०० मिलिअँपिअर-तासांची आणि उडालास तीनच मिनिटं. सकाळपर्यंत थोडी धुगधुगी असेल. रिमोट चालू कर, थ्रॉटल, म्हणजे मोटरच्या वेगाची काडी, शून्यावर राहू दे आणि रडरची, म्हणजे शेपटीच्या सुकाणूची काडी हलवत रेषेवरून चाल. शांततेत सर्व्होची कुरकुर वीसेक पावलांवरून ऐकू येते. थ्रॉटलला मात्र हात लावू नकोस. पंखा मातीत अडकलेला असला तर मोटर जागची हलत नाही आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, जळतं. शिवाय तुरीत कोणाचा पाय असेल, सांगता येत नाही.

बॅटरीला शिट्टीवाला बझर लावला असतास तर व्होल्टेज उतरल्यावर तोच बोंबलला असता. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू. पुढच्या खेपेला लाव.

सापडलं की आधी बॅटरी काढायची. फुगलेली, चेपलेली किंवा सेलमागे तीन व्होल्टच्या खाली गेलेली असेल तर चार्जरला लावायची नाही, घरातही आणायची नाही. लिपो, म्हणजे आपली लिथियम पॉलिमर बॅटरी, कधीकधी मार लागल्यावर बऱ्याच वेळाने पेट घेते. रेतीच्या बादलीत घाल आणि अंगणात ठेव. मग सर्व्होचे दात, मोटरचा माउंट, पंखाच्या मुळाशी तडा. फोम चिकटवता येतो. वाकलेला मोटरचा दांडा सरळ करायच्या भानगडीत पडू नको, थरथर राहतेच.

शेतकऱ्याला विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही. तूर फुलावर आहे, तासामधूनच, म्हणजे दोन ओळींच्या मधूनच चालायचं, झाडं आडवी करायची नाहीत. आज तू न विचारता घुसलास, तेव्हा आधी माफी माग, मग विमानाचं बोल.

मी सकाळी सातला पांदणीच्या तोंडाशी थांबतो. रिमोट पूर्ण चार्ज करून आण. बूट घालून ये, दव असतं आणि सापही असतात. आणि विमान पडलं तेव्हा नेमका कुठे उभा होतास ते आज झोपण्याआधी कागदावर काढून ठेव, सकाळपर्यंत विसरशील.

तुझा,
काका